कडक एन्क्रिप्शनची मुदत येण्याआधी ब्राउझर कसा तयार करावा

‘अमुक तारखेपासून आमची सेवा केवळ टीएलएस 1.2 किंवा त्यापुढील आवृत्तीवर उपलब्ध असेल, कृपया आपला ब्राउझर अद्ययावत करून घ्यावा,’ अशी दोन ओळींची सूचना बँकेच्या, ब्रोकरच्या किंवा एखाद्या सरकारी सेवेच्या पानावर झळकते आणि बहुतेक लोक ती न वाचताच बंद करतात. त्यांना दोष देता येत नाही, कारण अद्ययावत करायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे त्या सूचनेत क्वचितच लिहिलेले असते. टीएलएस म्हणजे ब्राउझर आणि सेवेचा संगणक (सर्व्हर) यांच्यातला मजकूर इतरांना वाचता येऊ नये म्हणून तो सांकेतिक रूपात बदलण्याची, म्हणजेच एन्क्रिप्शनची, पद्धत. मुंबईतली छोटी कार्यालये आणि गृहनिर्माण सोसायट्या यांचे संगणक सांभाळण्याचे काम मी अनेक वर्षे करत आहे, आणि विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता पान उघडत नाही म्हणून हवालदिल झालेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. हे काम एका निवांत दुपारी उरकण्यासारखे आहे. मात्र त्याचा क्रम चुकला तर तासन्‌तास वाया जातात, म्हणून तो क्रम येथे सविस्तर मांडत आहे.

नेमके काय बदलते

आपण पत्त्याच्या पट्टीत एखाद्या सेवेचे नाव टाकून एंटर दाबतो, तेव्हा पान दिसण्यापूर्वी ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात थोडी बोलणी होतात. टीएलएसच्या कोणत्या आवृत्त्या आणि कोणते सायफर, म्हणजे मजकूर सांकेतिक करण्याच्या कोणत्या रीती, आपल्याला येतात याची यादी ब्राउझर पाठवतो. सर्व्हर त्यातून स्वतःला मान्य असलेले निवडतो, आपले सर्टिफिकेट, म्हणजे ओळख पटवणारे डिजिटल प्रमाणपत्र, दाखवतो, आणि मग दोघे मिळून तेवढ्या भेटीपुरती गुप्त किल्ली ठरवतात. या बोलण्यांना हँडशेक म्हणतात. टीएलएस 1.0 ही 1999 ची, 1.1 ही 2006 ची, 1.2 ही 2008 ची आणि 1.3 ही 2018 ची आवृत्ती आहे. पहिल्या दोन आवृत्त्या ज्या गणिती पद्धतींवर उभ्या होत्या, त्या पुढे कच्च्या ठरल्या. 2011 मध्ये ‘बीस्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हल्ल्याने टीएलएस 1.0 मधील उणीव उघड केली आणि 2014 मध्ये ‘पूडल’ने टीएलएसच्या आधीच्या, त्याहून जुन्या एसएसएल 3.0 या पद्धतीचा निकाल लावला. ऑक्टोबर 2018 मध्ये ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला या चौघांनी मिळून टीएलएस 1.0 आणि 1.1 चा आधार 2020 मध्ये काढून घेण्याचे जाहीर केले, आणि मार्च 2021 मध्ये इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने त्या दोन्ही अधिकृतपणे बाद ठरवल्या.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण सगळा घोळ तिच्यामुळेच होतो. ब्राउझरच्या यादीत सर्व्हरला मान्य असे काहीच सापडले नाही तर बोलणी तिथेच तुटतात. ‘तुमचा ब्राउझर जुना आहे’ असे सांगणारे पान दाखवायचे, तर तेही त्याच सुरक्षित जोडणीवरून यावे लागते, आणि जोडणी तर झालेलीच नसते. त्यामुळे सर्व्हरला आपला नकार मराठीत, इंग्रजीत किंवा कोणत्याही भाषेत समजावून सांगता येत नाही. आपल्याला दिसते ते ब्राउझरचे स्वतःचे कोरडे पान: क्रोममध्ये ‘ईआरआर एसएसएल व्हर्जन ऑर सायफर मिसमॅच’, फायरफॉक्समध्ये ‘एसएसएल एरर अनसपोर्टेड व्हर्जन’, तर जुन्या इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये नुसतेच ‘पान दाखवता येत नाही’. मग माणूस वाय-फाय बंद करून चालू करतो, राउटरची वायर काढून लावतो, केबलवाल्याला फोन करतो. एक पान उघडत नाही आणि बाकीची उघडतात, अशी स्थिती असेल तर राउटरला हात लावण्याआधी ब्राउझरकडे पाहावे.

आधी पाहणी, मग दुरुस्ती

एक कागद घ्यावा आणि घरातल्या किंवा कार्यालयातल्या प्रत्येक यंत्रापुढे दोन गोष्टी लिहाव्यात: ऑपरेटिंग सिस्टिम कोणती आणि ब्राउझरची आवृत्ती कोणती. विंडोजवर विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत ‘विनव्हर’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाकला की सिस्टिमचे नाव समोर येते. क्रोममध्ये उजवीकडच्या तीन टिंबांवर क्लिक करून हेल्प आणि त्यातून ‘अबाउट गूगल क्रोम’ उघडावे. फायरफॉक्समध्ये तीन आडव्या रेघांच्या मेनूतून हेल्प आणि ‘अबाउट फायरफॉक्स’ येथे जावे. एजमध्ये वाट क्रोमसारखीच आहे. हे पान उघडताच ब्राउझर नवी आवृत्ती आहे का ते स्वतःच तपासतो आणि असल्यास उतरवून घेतो.

उतरवून घेतल्यावर ‘रीलाँच’ असा पर्याय येतो, आणि नेमके येथेच काम अर्धवट राहते. तीस-चाळीस टॅब उघडे असतात, कोणीतरी जीएसटीचे काम मध्येच सोडलेले असते, म्हणून ‘नंतर करू’ म्हटले जाते. संगणक रात्री बंद न करता केवळ झाकण मिटून ठेवण्याची सवय असेल तर तो ‘नंतर’ महिना महिना उगवत नाही आणि नवी आवृत्ती डिस्कवर नुसती पडून राहते. टॅब बुकमार्क करून घ्यावेत, अर्धवट काम जतन करावे आणि ब्राउझर तिथल्या तिथे पुन्हा सुरू करावा. मग तेच ‘अबाउट’चे पान परत उघडून आकडा बदलला आहे याची खात्री करावी.

ब्राउझर ‘मी अद्ययावत आहे’ असे सांगत असूनही जुना असू शकतो, कारण त्याची झेप सिस्टिमपुरतीच असते. विंडोज एक्सपी आणि व्हिस्टावर क्रोम 49 ही शेवटची आवृत्ती होती. विंडोज 7, 8 आणि 8.1 वर जानेवारी 2023 मधील क्रोम 109 येथे वाट संपते, आणि फायरफॉक्सची तिथली शेवटची मालिका 115 ईएसआर (दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती) आहे. क्रोम 109 ला टीएलएस 1.3 येते, त्यामुळे विंडोज 7 वर आजही पुष्कळ पाने उघडतात आणि मालकाचा समज होतो की सारे ठीक आहे. पण त्या आवृत्तीत त्यानंतर सापडलेल्या उणिवा बुजवल्या जात नाहीत, आणि ज्या सेवा हँडशेकच्या पलीकडे जाऊन ब्राउझरचा आकडाही तपासतात त्या तिला दारातूनच परत पाठवतात. अशा यंत्रावर पैशाचे व्यवहार करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला असून घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची मुदत 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत आहे. त्यामुळे अशा संगणकांचे पुढे काय करायचे, हा निर्णय लांबवण्यासारखा नाही. यंत्र बळकट असेल पण विंडोज 11 साठी पात्र नसेल, तर लिनक्स मिंटसारखी सिस्टिम टाकून ते आणखी काही वर्षे उत्तम चालते. कार्यालयात डिजिटल सहीचे यूएसबी टोकन वापरात असेल तर मात्र त्या टोकनचा ड्रायव्हर लिनक्सवर चालतो का, हे आधी विचारून घ्यावे.

नवा ब्राउझर टाकण्यापूर्वी जुन्यातले बुकमार्क एका फाइलमध्ये काढून घ्यावेत. जतन केलेले पासवर्डही फाइलमध्ये काढता येतात, पण ती फाइल कोणालाही उघडून वाचता येईल अशी साधी असते. नव्या ब्राउझरमध्ये ती भरून झाल्यावर लगेच पुसून टाकावी, आणि रीसायकल बिनमधूनही काढावी.

सेटिंगमधल्या त्या चौकटी

पुष्कळ ठिकाणी असा सल्ला मिळतो की कंट्रोल पॅनेलमधल्या ‘इंटरनेट ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘ॲडव्हान्स्ड’ या टॅबच्या तळाशी ‘यूज टीएलएस 1.2’ या चौकटीत खूण करावी. सल्ला चुकीचा नाही, पण तो कोणासाठी आहे हे कळले पाहिजे. क्रोम आणि फायरफॉक्स एन्क्रिप्शनसाठी स्वतःची यंत्रणा वापरतात. त्या चौकटीत खूण असली काय आणि नसली काय, त्यांना फरक पडत नाही. ती खूण लागते इंटरनेट एक्स्प्लोररला, एजमध्ये इंटरनेट एक्स्प्लोररसाठीची जुनी पाने उघडणाऱ्या ‘आयई मोड’ला आणि विंडोजच्याच यंत्रणेवर अवलंबून असलेल्या हिशेबाच्या किंवा मेलच्या जुन्या प्रोग्रॅमना. इंटरनेट एक्स्प्लोरर 11 चा आधार 15 जून 2022 रोजीच संपला, तरी टोकन लावून सही करण्याची काही जुनी पाने अजूनही आयई मोडवर विसंबून आहेत, म्हणून ही चौकट पाहावीच. टीएलएस 1.2 पुढे खूण असावी. एसएसएल 3.0, टीएलएस 1.0 आणि 1.1 यांपुढची खूण काढून टाकावी, आणि काही बिघडते का ते दोन दिवस पाहावे. एखादा जुना प्रोग्रॅम त्यामुळे बंद पडला तर त्याच्या विक्रेत्याकडे नवी आवृत्ती मागावी.

फायरफॉक्समध्ये कोणी पूर्वी हात घातला असण्याची शक्यता असते. पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट’, विसर्गासारखी दोन टिंबे आणि ‘कॉन्फिग’ असे इंग्रजी अक्षरांत लिहून येणाऱ्या पानावर ‘सिक्युरिटी डॉट टीएलएस डॉट व्हर्जन डॉट मिन’ हे नाव शोधावे. त्यापुढे 3 हा आकडा हवा. या ठिकाणी 3 म्हणजे टीएलएस 1.2. जुने पान उघडावे म्हणून कोणीतरी तेथे 1 लिहून ठेवलेले असेल तर शेजारच्या वळणदार बाणावर क्लिक करून मूळ आकडा परत आणावा. त्याच नावाच्या ‘मॅक्स’ ओळीत 4, म्हणजे टीएलएस 1.3, असावे.

याखेरीज दोन्ही ब्राउझरमध्ये एक खरोखर उपयोगी सेटिंग आहे. क्रोममध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खालच्या ‘सिक्युरिटी’त ‘ऑलवेज यूज सिक्युअर कनेक्शन्स’, आणि फायरफॉक्समध्ये ‘एचटीटीपीएस ओन्ली मोड’. हे चालू केले की एन्क्रिप्शन नसलेले पान उघडण्यापूर्वी ब्राउझर थांबून विचारतो.

घड्याळ

या विषयावर थोडे जास्त लिहितो, कारण सर्वांत जास्त वेळ मी याच कारणाने वाया गेलेला पाहिला आहे. दादरच्या एका जुन्या सोसायटीच्या कार्यालयातून जुलै महिन्यात खजिनदारांचा फोन आला. आदल्या दिवशी पावसात दुपारभर वीज गेली होती आणि ती आल्यापासून बँकेचे पान, करभरण्याचे पान, मेल, काहीच उघडत नव्हते. ‘अहो, परवापर्यंत सगळं व्यवस्थित होतं, मी कशालाच हात लावलेला नाही,’ असे ते काका कळवळून सांगत होते, आणि ते अगदी खरे होते. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात तारीख होती 1 जानेवारी 2009. प्रत्येक सर्टिफिकेटवर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते, आणि संगणकाच्या मते ती सर्व सर्टिफिकेटे अजून जन्मालाच आलेली नव्हती. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी चपटी बॅटरी असते, तिच्यावर सीआर 2032 असे कोरलेले असते, आणि वीज नसताना घड्याळ तिच्या जोरावर चालते. ती संपली होती. लॅमिंग्टन रोडवरून आणलेली नवी बॅटरी नखाने खटका दाबून बसवली, तारीख दुरुस्त केली आणि दोन मिनिटांत सर्व पाने उघडली.

यापुढे घड्याळाचे महत्त्व वाढतच जाणार आहे. सर्टिफिकेटांची कमाल मुदत बराच काळ 398 दिवस होती. ब्राउझर आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था यांच्या संयुक्त मंचाने 2025 मध्ये ती टप्प्याटप्प्याने खाली आणण्याचे ठरवले: 15 मार्च 2026 पासून 200 दिवस, 15 मार्च 2027 पासून 100 दिवस आणि 15 मार्च 2029 पासून 47 दिवस. वर्षाची मुदत असताना महिनाभर मागे पडलेले घड्याळ बहुधा खपून जात असे. मुदत 47 दिवसांवर आल्यावर तेच घड्याळ निम्म्याहून अधिक वेळा आडवे येईल. विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये ‘सेट टाइम ऑटोमॅटिकली’ चालू ठेवावे, टाइम झोन कोलकाता, म्हणजे अधिक साडेपाच तास, असा असावा, आणि ‘सिंक नाऊ’ एकदा दाबून पाहावे. केवळ तास-मिनिटे बरोबर दिसतात म्हणून समाधान मानू नये, वर्ष पाहावे.

फोन आणि टॅब्लेट

आयफोनवर कोणताही ब्राउझर टाकला तरी आपल्याकडे तो आतून ॲपलच्याच यंत्रणेवर चालतो, त्यामुळे तेथे आयओएस अद्ययावत करणे हाच उपाय. अँड्रॉइडवर 5.0 पासून टीएलएस 1.2 आणि अँड्रॉइड 10 पासून टीएलएस 1.3 मुळातच चालू असते. क्रोम स्वतःची यंत्रणा वापरत असल्याने जुन्या फोनवरही तग धरतो, पण 2025 मध्ये आलेल्या क्रोम 139 पासून त्यालाही अँड्रॉइड 10 लागते. घरातला जुना फोन आजी-आजोबांकडे जातो, आणि पेन्शनचे खाते नेमके त्याच फोनवर पाहिले जाते. म्हणून पाहणीच्या कागदावर तो फोन सर्वांत आधी लिहावा.

जुन्या फोनमध्ये आणखी एक उणीव असते. कोणत्या संस्थांच्या सर्टिफिकेटांवर विश्वास ठेवायचा, याची यादी सिस्टिममध्ये साठवलेली असते आणि फोनला अपडेट मिळणे थांबले की ती यादीही गोठते. 30 सप्टेंबर 2021 रोजी एक जुने मूळ सर्टिफिकेट, म्हणजे ज्याच्या भरवशावर इतर सर्टिफिकेटे मान्य होतात असे, मुदत संपून बाद झाले, तेव्हा ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या मोफत सर्टिफिकेटे देणाऱ्या संस्थेची सर्टिफिकेटे वापरणाऱ्या कितीतरी संकेतस्थळांवर जुनी यंत्रे अडली. अशी चूक एकाच यंत्रावर सतत येत असेल आणि घड्याळ बरोबर असेल, तर दोष बहुधा या गोठलेल्या यादीत असतो.

चाचणी

मुदतीच्या आधी किमान आठवडाभर पुढील तपासणी करावी. ‘हाऊज माय एसएसएल डॉट कॉम’ हे पान, नावातली सर्व अक्षरे जोडून लिहून, उघडावे. आपला ब्राउझर कोणती आवृत्ती वापरतो आणि त्यात काही कमकुवत आहे का, हे ते सांगते. त्यानंतर उलट चाचणी घ्यावी. ‘एक्स्पायर्ड डॉट बॅडएसएसएल डॉट कॉम’ हे पान मुद्दाम मुदत संपलेले सर्टिफिकेट दाखवते, आणि चांगल्या ब्राउझरने ते उघडण्यास नकार दिला पाहिजे. ते निमूटपणे उघडले तर आपल्या आणि इंटरनेटच्या मध्ये काहीतरी बसले आहे असे समजावे. बहुधा तो जुन्या अँटीव्हायरसचा ‘एचटीटीपीएस स्कॅनिंग’ हा भाग किंवा कार्यालयातला प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेटच्या वाटेवरचा मध्यस्थ सर्व्हर, असतो, जो सर्व्हरशी स्वतः बोलून आपल्याला स्वतःचे सर्टिफिकेट दाखवतो. अशा वेळी ब्राउझर कितीही नवा असला तरी बोलणी हा मधला जुना प्रोग्रॅमच करत असतो, म्हणून तोही अद्ययावत करावा किंवा त्याचा तो भाग बंद करावा. मोठ्या कार्यालयांत जुन्या फायरवॉलचीही तपासणी करून घ्यावी. क्वांटम संगणकांपासून बचाव करणारी एमएल-केईएम ही पद्धत अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये प्रमाणित केली, आणि आजचे क्रोम व फायरफॉक्स ती वापरतात. तिच्यामुळे हँडशेकचा पहिला संदेश एका पॅकेटात मावत नाही आणि काही जुनी उपकरणे तेथे अडखळतात.

आपल्या बँकेच्या पानावर प्रत्यक्ष काय ठरले ते पाहायचे असेल, तर फायरफॉक्समध्ये कुलपाच्या चिन्हावरून ‘मोअर इन्फर्मेशन’ उघडावे. तळाशी टीएलएस 1.2 किंवा 1.3 असे लिहिलेले दिसते. क्रोमने सप्टेंबर 2023 मध्ये कुलपाचे चिन्ह काढून तेथे दोन सरकत्या पट्ट्यांचे चिन्ह आणले, तेव्हा कुलूप दिसत नाही म्हणून घाबरू नये. कुलूप असले तरी जोडणी खाजगी आहे एवढेच त्यातून कळते. समोरचा माणूस प्रामाणिक आहे की नाही हे कळत नाही.

म्हणूनच पत्ताही तपासावा. फोर्टमध्ये मुख्यालय असलेल्या रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2025 मध्ये भारतीय बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा स्वतंत्र पत्ता जाहीर केला आणि बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत तिकडे जाण्यास सांगितले. ब्राउझरची साफसफाई चाललीच आहे, तर बँकांचे जुने बुकमार्क काढून नवे पत्ते स्वतःच्या हाताने टाकून जतन करावेत.

काय करू नये

सर्टिफिकेटची सूचना आली की ‘ॲडव्हान्स्ड’ आणि ‘प्रोसीड’ दाबून पुढे जाण्याची सवय ज्यांना लागली आहे, त्यांनी ती पैशाच्या व्यवहारात तरी पूर्ण सोडावी. पान उघडत नाही म्हणून टीएलएस 1.0 पुन्हा चालू करू नये. ज्या सेवेने ते बंद केले तिच्यासाठी त्याचा उपयोग शून्य असतो, आणि बाकी सर्वत्र मात्र दार सताड उघडे राहते. अशा मुदतींच्या आसपास ‘आजच ब्राउझर अपडेट करा, नाहीतर खाते बंद’ असे संदेश आणि सोबत एखादी एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी फाइल, व्हॉट्सॲपवर येते. बँक ब्राउझर वाटत नाही. ब्राउझर त्याच्या स्वतःच्या ‘अबाउट’ पानावरून, प्ले स्टोअरवरून किंवा ॲप स्टोअरवरूनच घ्यावा, आणि ‘मी स्क्रीनवर येऊन करून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला दूरस्थ ताबा देऊ नये. चूक होऊन पैसे गेलेच, तर त्याच क्षणी 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पहिला तास फार मोलाचा असतो.

पाहणीचा तो कागद फेकू नये. दादरच्या त्या कार्यालयात तो आता कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. त्यावर चार संगणक, दोन फोन, प्रत्येकाची सिस्टिम, ब्राउझरचा आकडा आणि बॅटरी बदलल्याची तारीख खजिनदार काकांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेली असते, आणि दर तिमाहीच्या पहिल्या सोमवारी ते चष्मा पुसून ती यादी पहिल्या ओळीपासून तपासायला बसतात.